कामगाराचे मनःस्वास्थ्य आणि मालकाचे उत्तरदायित्व : महाराष्ट्रातील कामगार कायद्यांचा इतिहास व नाशिकचा औद्योगिक अनुभव

प्रस्तावना

गोदाकाठचे तीर्थक्षेत्र ही नाशिकची जुनी ओळख होय. विसाव्या शतकात या ओळखीला कामगारांचे शहर ही दुसरी ओळख जोडली गेली. १९२० च्या दशकात नाशिकरोड येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि पाठोपाठ १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर सातपूर व पुढे अंबड या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९६४ मध्ये ओझर येथे मिग विमानांचा कारखाना आला. मायको, महिंद्र यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती लहान पुरवठादारांचे जाळे विणले गेले. याच जिल्ह्यात सिन्नरचा विडी उद्योग आणि मालेगावचा यंत्रमाग उद्योग आहे. सरकारी मुद्रणालय, खाजगी कारखाना, घरी बसून होणारे विडीकाम आणि बारा तासांच्या पाळीचा माग असे औद्योगिक श्रमाचे बहुतेक सर्व प्रकार एकाच जिल्ह्यात आढळत असल्याने कामगार कायद्यांची परिणामकारकता तपासण्यासाठी नाशिक हे योग्य क्षेत्र ठरते.

कामगाराच्या शरीराला इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य केले. हात तुटला, बोट कापले गेले, तर त्याचे मोल ठरलेले असते. परंतु कामाच्या ओझ्याने, अपमानाने किंवा अनिश्चिततेने मन खचले तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न कायद्याने दीर्घकाळ थेट विचारलाच नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. कामगाराच्या मनाची दखल कायद्याने प्रथम वेळेच्या, नंतर कल्याणाच्या आणि शेवटी प्रतिष्ठेच्या भाषेत घेतली. मात्र मनःस्वास्थ्य जपणे हे मालकाचे स्वतंत्र कर्तव्य आहे असे स्पष्टपणे म्हटले नाही. त्यामुळे मिळालेले संरक्षण कामगाराच्या दुःखावर न ठरता त्याचा मालक कोण यावर ठरत गेले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. वेळेचा प्रश्न : विश्रांतीचा हक्क

या इतिहासाचा आरंभ मुंबईच्या गिरण्यांमध्ये होतो. नाशिक हा तत्कालीन मुंबई इलाख्याचाच एक जिल्हा असल्याने मुंबईत घडलेले कायदे पुढे नाशिकच्या कामगारालाही लागू झाले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने केवळ बालकामगारांच्या तासांवर मर्यादा घातली. प्रौढ कामगारांचे तास व सुट्टी यांबाबत तो मौन होता. अशा परिस्थितीत सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे मांडण्यात आले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा काळ, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन अशा मागण्या त्यात होत्या.

या मागण्यांत ‘मन’ हा शब्द नाही. तरीही आजच्या दृष्टीने त्या पाहिल्या तर त्यांतील बहुतेक मागण्या मनःस्वास्थ्याच्या आहेत असे दिसते. पगार कधी मिळेल याची चिंता, दिवस कधी संपेल याची अनिश्चितता आणि कुटुंबासाठी, देवधर्मासाठी वा समाजकार्यासाठी आठवड्यात एकही दिवस आपला नसणे, हे शरीराइतकेच मनाला थकविणारे होते. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायदेशीर आधार दिला.

पुढील अर्धशतकाचा इतिहास हा तासांच्या कपातीचा इतिहास आहे. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती अकरा तास व आठवड्याला साठ तास झाली. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी दहा तास व आठवड्याला चौपन्न तास ठरले. १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आला. ज्या काळात या शेवटच्या सुधारणेची पायाभरणी झाली, त्या काळात, म्हणजे १९४२ ते १९४६ दरम्यान, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न मांडणाऱ्या नेत्याने मजूरमंत्री म्हणून कामाच्या तासांचा प्रश्न हाताळावा, यात एक सुसंगती आहे. माणसाला स्वतःचा वेळ असणे ही प्रतिष्ठेचीच बाब असते.

२. कल्याणाचा प्रश्न : जॉबर ते कल्याण अधिकारी

तास कमी झाले तरी खात्यातील वागणुकीचा प्रश्न शिल्लक होता. गिरण्यांत कामगाराची भरती, बदली, बढती आणि हकालपट्टी जॉबरच्या हाती असे. काम टिकविण्यासाठी त्याला लाच द्यावी लागे. त्याची मर्जी सांभाळावी लागे. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबर पद्धतीवर टीका केली आणि भरती व तक्रारींसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. सततच्या भीतीखाली काम करणे ही कामगाराची खाजगी अडचण नसून उद्योगाच्या रचनेतील दोष आहे, ही जाणीव या शिफारशीमागे दिसते. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाल्यावर अशा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. हीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने या प्रवाहांना एकत्र आणले. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह, १५० हून अधिक कामगार असल्यास विश्रांतिकक्ष, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी आणि ५०० वा अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकारी या तरतुदी त्यात होत्या. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्यानुसार कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले. कामगारांच्या नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, वाचनालये, शिवणवर्ग असे उपक्रम या मंडळाने राज्यभर चालविले. दिवसभर लेथवर उभा राहणारा कामगार संध्याकाळी रंगमंचावर उभा राहतो, याचे मोल केवळ करमणुकीपुरते नाही. यंत्राच्या गतीने जगणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज सापडण्याची ती एक जागा होती.

नाशिकच्या औद्योगिकीकरणाचा मुख्य काळ हाच कल्याणकारी दृष्टीचा काळ होय. नाशिकरोडच्या प्रेस कामगारांना वसाहत, रुग्णालय व निवृत्तिवेतन मिळाले. ओझरला कारखान्याबरोबर संपूर्ण नगरी उभी राहिली. सातपूर परिसरात राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आले. मात्र या व्यवस्थेत दोन मर्यादा प्रारंभापासून होत्या. कल्याण अधिकारी हा मालकाने नेमलेला आणि मालकाकडून पगार घेणारा असे. तक्रार मालकाच्या धोरणाविरुद्ध असेल तर तो कोणाच्या बाजूने उभा राहील हे अनिश्चित राही. दुसरे असे की, कल्याण ही मालकाची उदारता मानली गेली. कामाची गती, पाळ्यांची रचना किंवा पर्यवेक्षकाची भाषा यांमुळे मन आजारी पडू नये अशी जबाबदारी तिने मालकावर टाकली नाही.

३. शिस्तीचा प्रश्न : आजाराचे गैरवर्तन होणे

मनाबाबत कायदा मौन होता असे म्हणणे पूर्णतः खरे नाही. १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनाची यादी आढळते. रजेशिवाय वारंवार किंवा दहा दिवसांहून अधिक गैरहजर राहणे, नेहमी उशिरा येणे, कामात सतत हयगय करणे, वरिष्ठांची अवज्ञा करणे, मद्यपान करून वा बेशिस्तीने वागणे या बाबी त्यात मोडतात. नैराश्याने ग्रासलेला माणूस सकाळी उठू शकत नाही; त्याचे खाडे वाढतात, हातून चुका होतात, चिडचिड वाढते आणि कधी तो व्यसनाचा आधार घेतो. वैद्यकशास्त्र ज्यांना लक्षणे म्हणते, त्यांचीच नोंद हजेरीपटावर गैरवर्तन म्हणून होते. आरोपपत्र, चौकशी आणि बडतर्फी असा पुढचा मार्ग ठरलेला असे. या मार्गावर डॉक्टरचे स्थान कोठेच नव्हते.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये १९५३ साली ‘कामगार कपात’ या संज्ञेची व्याख्या घालण्यात आली. दीर्घकालीन अनारोग्यामुळे कामगाराची सेवा समाप्त केली तर ती ‘कपात’ धरली जाणार नाही, असे त्या व्याख्येत नमूद होते. परिणामी यंत्र जुने झाले म्हणून कामावरून कमी केलेल्या कामगाराला भरपाई मिळे. यंत्रावर काम करताना स्वतः झिजलेल्या कामगाराला ती त्या कलमाखाली मिळत नसे. कामगार आजारी झाला तो कामामुळे की अन्य कारणाने, हा प्रश्न या तरतुदीत विचारलाच जात नव्हता.

या काळातील एकमेव उल्लेखनीय अपवाद कर्मचारी राज्य विमा योजनेचा आहे. या योजनेतील दीर्घकालीन आजारांच्या यादीत मनोविकृतीचा समावेश आहे. अशा विमाधारकास विस्तारित आजारलाभ म्हणून वेतनाच्या ८० टक्के रक्कम कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी दोन वर्षांची अखंड विमापात्र सेवा आणि ठराविक दिवसांचे अंशदान आवश्यक असते. तत्त्वतः ही मोठी तरतूद होय. परंतु ज्याला दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ दिला जातो, अशा कंत्राटी कामगाराच्या हाती ‘अखंड सेवा’ या दोन शब्दांमुळे ती सहजासहजी पडत नाही.

४. न्यायालयांतील मन : तीन निवाडे

कायद्यातील मौनावर न्यायालयांनी काय भाष्य केले, हे मुंबईशी निगडित तीन प्रकरणांवरून स्पष्ट होते.

पहिले प्रकरण १९५४ चे. बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या हृदयविकार असलेल्या एका कामगाराचा कामावर असताना त्रास होऊन मृत्यू झाला. त्याच्या विधवेच्या दाव्यात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यासमोर प्रश्न आला की, मूळ आजार कामगाराचाच असताना मालक जबाबदार कसा? कामाचा ताण हे मृत्यूचे एक सहायक कारण असेल किंवा त्या ताणाने मृत्यू लवकर ओढवला असेल तर मालकाची जबाबदारी संपत नाही, असे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने स्वीकारले. निरोगी माणसालाच संरक्षण द्यायचे आणि दुबळ्याला वगळायचे असा कायद्याचा हेतू नाही, हा या निवाड्याचा आशय होय.

दुसरे प्रकरण मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीच्या जहाजावरील एका खलाशाचे. डिसेंबर १९६१ मध्ये हा खलाशी प्रवासात बेपत्ता झाला. मृतदेह मिळाला नाही. त्यापूर्वी त्याची प्रकृती बिघडली होती व जहाजावर त्याच्यावर उपचार झाले होते. नुकसानभरपाई आयुक्तांनी दावा फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने तो मंजूर केला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय कायम केला. मृत्यू नोकरीतून उद्भवलेल्या अपघातानेच झाला हे सिद्ध करण्याचा भार दावेदारावर असून तो पुराव्याने पेलला गेलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाची पुराव्याविषयीची भूमिका काटेकोर होती. तथापि, यातून एक व्यावहारिक वास्तव पुढे येते. हृदयाचा ताण वैद्यकीय दाखल्याने दाखविता येतो. मनाची घालमेल समुद्रातील एकाकी रात्रीबरोबर नाहीशी होते आणि पुराव्याचा भार मागे राहिलेल्या कुटुंबावर पडतो.

तिसरे प्रकरण १९८६ चे. मुंबई पोलीस दलातील एका शिपायाला रस्ता अपघातानंतर मानसिक आजार जडला. त्याने महापालिकेच्या कार्यालयाबाहेर आत्मदहनाचा प्रयत्न केला आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली त्याच्यावर खटला दाखल झाला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. ज्याला उपचाराची गरज आहे त्याला शिक्षा देणे निरर्थक आहे, हा त्यामागील विचार होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३०९ वैध ठरविल्याने हा निर्णय टिकला नाही. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्याचे तत्त्व स्वीकारले. मुंबईच्या न्यायालयाने मांडलेला विचार संसदेपर्यंत पोहोचण्यास तीन दशके लागली.

५. प्रतिष्ठेचा प्रश्न : १९९५ नंतरचे वळण

१९९५ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्याच वर्षी झालेल्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने मानसिक आजाराचा अपंगत्वाच्या यादीत समावेश केला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येणार नाही वा त्याची पदावनती करता येणार नाही, असे कलम ४७ ने ठरविले. १९५३ च्या ‘दीर्घकालीन अनारोग्या’च्या भूमिकेला मिळालेले हे पहिले ठोस उत्तर होय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हे संरक्षण कलम २० मध्ये पुढे चालविले.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले. मानसिक विकलांगता असलेल्या व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. म्हणून तिच्यावरील अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचा एक प्रकार ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. स्थायी आदेशांनी लक्षणांना गैरवर्तन ठरविल्यानंतर पाऊणशे वर्षांनी या भेदाकडे न्यायव्यवस्थेने निःसंदिग्ध लक्ष वेधले.

स्त्री कामगारांच्या संघर्षानेही मनाला कायद्यात स्थान मिळवून दिले. १९९७ च्या विशाखा निवाड्यानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. पीडित स्त्रीला द्यावयाची भरपाई ठरविताना मानसिक आघात, वेदना व भावनिक क्लेश विचारात घ्यावेत, असे त्याच्या कलम १५ मध्ये स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी झालेल्या मानसिक इजेचे मोल उघडपणे मान्य करणारी ही तरतूद होय. मात्र ती एका विशिष्ट अन्यायापुरती मर्यादित आहे. जातीवरून होणारी हेटाळणी, अशक्य उद्दिष्टांचा तगादा किंवा चारचौघांत होणारा पाणउतारा यांसाठी तशी तरतूद कामगार कायद्यांत निर्माण झाली नाही.

६. नाशिकचे चार कामगार

वरील इतिहासाची फलश्रुती तपासण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील चार प्रातिनिधिक कामगारांची तुलना उपयुक्त ठरते. चौघांनाही समान स्वरूपाचा मानसिक आजार जडला आहे असे मानू.

पहिला कामगार नाशिकरोडच्या प्रेसमधील कायम कामगार आहे. २००६ पासून ही मुद्रणालये सरकारी मालकीच्या महामंडळाकडे आहेत. सरकारी कंपनी ही ‘शासकीय आस्थापना’ असल्याने त्याला २०१६ च्या कायद्याचे कलम २० लागू होते. त्याला कामावरून काढता येत नाही. सध्याचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. अर्थात त्याचे जीवन तणावमुक्त आहे असा याचा अर्थ नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर याच प्रेसमधील कामगारांनी साप्ताहिक सुट्ट्या बाजूला ठेवून जादा वेळ नोटा छापल्या. एका शतकापूर्वी मिळविलेला सुट्टीचा दिवस राष्ट्रीय निकडीच्या प्रसंगी किती सहज मागे पडतो, हे त्यातून दिसले.

दुसरा कामगार सातपूर वा अंबड येथील खाजगी कारखान्यातील कायम कामगार आहे. कलम २० मधील सेवासंरक्षण केवळ शासकीय आस्थापनांना लागू असल्याने त्याला त्याचा लाभ नाही. खाजगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, एवढीच अपेक्षा त्या कायद्यात आहे. त्याचा खरा आधार म्हणजे युनियन, वेतनकरार आणि विमा रुग्णालय.

तिसरा कामगार त्याच कारखान्यात त्याच यंत्रावर उभा असलेला कंत्राटी कामगार आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने सुविधा न दिल्यास त्या पुरविण्याचे दायित्व मुख्य मालकावर टाकले. परंतु २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी पद्धत रद्द झाल्यावर कामगार आपोआप मुख्य मालकाच्या सेवेत सामावला जाणार नाही असे स्पष्ट केले. या कामगाराला बडतर्फ करण्याची गरजच पडत नाही. ठेक्याची मुदत संपली की त्याचे गेटपास बंद होते. आजार उघड केला तर उद्या काम मिळणार नाही, या भीतीने तो आजार लपवितो.

चौथा कामगार कारखान्याच्या भिंतीबाहेरचा आहे: सिन्नरची विडी कामगार स्त्री किंवा मालेगावचा मागवाला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो कायदा वैध ठरविला. छाट म्हणून नाकारलेल्या विड्यांच्या वादासाठीही त्यात तरतूद होती. दिवसभराच्या कष्टातून किती विड्या छाटल्या जातील ही रोजची धास्ती कायद्याच्या नजरेत आली होती, हे विशेष. मालेगावात मात्र बारा तासांची पाळी रूढ राहिली. अनेक माग लहान लहान घटकांत विभागलेले असल्याने कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहत आले. तेथे शुक्रवारची सुट्टी टिकून आहे. तिचा आधार कायद्यापेक्षा समाजाच्या रूढीत अधिक आहे.

चौघांचा आजार एकच असला तरी संरक्षण पायरीपायरीने घटत जाते. ज्याच्या नोकरीची अनिश्चितता सर्वांत अधिक, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी संरक्षण येते. अनिश्चितता हे स्वतःच मनाच्या आजाराचे एक प्रमुख कारण असल्याने हा क्रम नेमका उलटा असावयास हवा होता.

७. समकालीन संदर्भ

जगात अन्यत्र या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. इंग्लंडमध्ये १९९४ च्या वॉकर खटल्यात, कामाच्या ताणाने एकदा कोलमडलेल्या समाजसेवा अधिकाऱ्यावर पुन्हा तोच भार टाकल्याबद्दल नॉर्थम्बरलँड कौंटी कौन्सिलला जबाबदार धरण्यात आले. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये अतिश्रमानंतर आत्महत्या केलेल्या तरुण कर्मचाऱ्याच्या प्रकरणात डेन्त्सू कंपनीचे दायित्व मान्य केले. धोका आधी दिसत असूनही मालकाने काय केले, हा या दोन्ही निवाड्यांतील कळीचा प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. नैराश्य व चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कार्यदिवस वाया जातात, असा तिचा अंदाज आहे. या सूचनांत कामाचा भार व वेळापत्रक बदलण्यासारख्या संघटनात्मक उपायांना अग्रस्थान आहे.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये पुण्यातील एका सल्लागार संस्थेत नव्याने रुजू झालेल्या तरुणीच्या मृत्यूनंतर कामाच्या ताणाची चर्चा देशभर झाली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा तिने घेतली. कल्याण अधिकाऱ्यासाठी आवश्यक कामगारसंख्या ५०० वरून २५० वर आली. कंत्राटी कामगारांच्या कल्याण सुविधांची जबाबदारी थेट मुख्य मालकावर टाकण्यात आली. नियुक्तिपत्र बंधनकारक झाले. या बाबी स्वागतार्ह आहेत. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या १० वरून २० झाली. कार्यस्थळ धोकामुक्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर असले तरी मानसिक आरोग्याचा स्वतंत्र उल्लेख त्या कर्तव्यांच्या यादीत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा रोख शासन, उपचार संस्था व रुग्णाचे हक्क यांवर आहे. एक कायदा कामाच्या जागेविषयी बोलतो, दुसरा मनाविषयी. दोहोंची गाठ अद्याप पडलेली नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) महाराष्ट्रात कामगाराच्या मनःस्वास्थ्याचे सर्वांत परिणामकारक उपाय वैद्यकीय नव्हते. साप्ताहिक सुट्टी, मर्यादित तास, वेळेवर पगार आणि नोकरीची शाश्वती हेच ते उपाय होत आणि ते संघटित मागणीतून मिळाले.

२) शिस्तीच्या नियमांनी मानसिक आजाराच्या लक्षणांना दीर्घकाळ गैरवर्तन मानले. आरोपपत्र देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची संधी देणे ही नव्या स्थायी आदेशांतील आवश्यक तरतूद ठरावी.

३) सेवासंरक्षण केवळ शासकीय आस्थापनांपुरते ठेवणे ऐतिहासिकदृष्ट्या आणि नैतिकदृष्ट्या टिकणारे नाही. एकाच यंत्रावरील दोन कामगारांच्या आजाराचे मोल वेगवेगळे असू शकत नाही.

४) मुख्य मालकावर थेट दायित्व टाकण्याचे तंत्र कायद्याला अपरिचित नाही. विमा योजनेच्या अंशदानात ते पूर्वीपासून आहे आणि नव्या संहितेत कल्याण सुविधांबाबत आले आहे. मानसिक आरोग्यासाठी तेच तंत्र वापरणे हे स्वाभाविक पुढचे पाऊल ठरेल.

५) समुपदेशकाची नेमणूक उपयुक्त असली तरी ती पुरेशी नाही. भार, पाळी आणि अनिश्चितता तशीच ठेवून केलेले समुपदेशन कामगाराला सहन करण्यास शिकवील. ते आजाराचे कारण दूर करणार नाही.

राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. नाशिकच्या कामगाराचे मन तुटले तर त्याला त्यांपैकी कोठेतरी न्यावे लागते. तो प्रवास टाळण्याची सुरुवात रुग्णालयापासून होत नसून कारखान्याच्या प्रवेशद्वारापासून होते. १८८४ च्या निवेदनावर सह्या व अंगठे उमटविणाऱ्या गिरणी कामगारांना हे उमगलेले होते. त्यांनी औषध मागितले नव्हते. आठवड्यातील एक दिवस मागितला होता.